वजन पाठीवर की हातात?

गेल्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की रानात न्यायचा चाकू किंवा कोयता घेतलात की आधी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी विचारलंय, ताई, शंभर-दोनशे ग्रॅमनं असा काय फरक पडतो? काहींनी दुसरं टोक गाठलंय. एका गृहस्थांनी वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा करवतीनं कापलाय आणि आता चाकूच्या मुठीला भोकं पाडू का म्हणून विचारतात. (नका पाडू. का, ते खाली टायटॅनियमच्या प्रश्नात येईल.)

नव्या वाचकांसाठी सांगते. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, घरी दाराआड चार-दोन कोयते कायम टेकलेले. नोकरी सगळी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या हीट ट्रीटमेंट विभागात गेली आणि सुट्ट्या सह्याद्रीत. त्यामुळे पोलाद भट्टीतून निघताना पाहिलंय आणि पाठीवरून वाहूनही नेलंय. पाठीवर ते जितकं कमी तितकं बरं. हातात मात्र कामापुरतं वजन लागतंच, आणि ते किती आहे याच्याइतकंच ते कुठे आहे हेही बघावं लागतं. बहुतेक पत्रांत या दोन हिशोबांची गल्लत झालेली दिसली.

प्रश्न : बारावीची परीक्षा झाली आहे. मित्रांबरोबर नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड करायचाय. व्हिडिओंमध्ये सगळे जाड पात्याचा मोठा 'सर्व्हायव्हल नाइफ' दाखवतात. मी बघून ठेवलेला म्यानासकट साडेचारशे ग्रॅमचा आहे. घेऊ का?
*— एक विद्यार्थी, नाशिक*

नको घेऊस.

आधी कागद घे आणि या ट्रेकमध्ये तू काय काय कापणार आहेस ते लिही. माझी यादी अशी होते: कांदा, लिंबू, मसाल्याचं पाकीट, टाचेच्या फोडावर लावायची चिकटपट्टी, एखादी दोरी. संपली यादी. यातलं काहीही घाव घालून तोडायचं नाही, सगळं धारेनं कापायचं आहे. आणि धारेनं कापणाऱ्या पात्याला जाडी आणि वजन आडवंच येतं. सहा मिलिमीटर जाडीच्या पात्यानं कांदा चिरून बघ. पहिला अर्धा सेंटिमीटर धार गुपचूप आत जाते. मग मागची जाडी शिरायला लागते, पाकळ्या दोन्हीकडे रेटल्या जातात आणि कांदा कट्‌कन फुटून एक फोड ताटाबाहेर जाते. दोन-अडीच मिलिमीटरच्या पात्यानं तोच कांदा शेवटपर्यंत चिरला जातो. तुझ्या आईच्या सुरीचं पातं किती जाड आहे ते बघ, तिला हे आधीपासून ठाऊक आहे.

मग हे जाडजूड चाकू बनतात कशासाठी? उत्तरेकडच्या थंड, ओल्या जंगलांत वरून भिजलेल्या ओंडक्याच्या पोटातलं कोरडं लाकूड काढावं लागतं. त्यासाठी पातं लाकडावर ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकतात, म्हणून पाठ जाड. तू जिथे चाललायस तिथे शेकोटीचा प्रश्नच येत नाही. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग लावता येत नाही आणि शस्त्र घेऊन शिरायला लेखी परवानगी लागते. त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नाव घेऊन आलेला आहे. जेवणाच्या डब्यात ठेवलेली बोटभर सुरी आणि कमरेला बांधलेलं हातभर म्यान, या दोन्हींकडे वनरक्षक एकाच नजरेनं बघणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुमची वाट बघता आणखी एक अडचण. नळीत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, तुम्ही चालणार कमी आणि हातापायांवर चढणार जास्त. कमरेला लोंबणारं म्यान गुडघा वर घेतला की मांडीला लागतं, बसून उतरायची वेळ आली की दगडाला अडकतं आणि सॅकचा कंबरपट्टा नेमका त्यावरच येतो. मग तासाभरात चाकू सॅकमध्ये जातो, तळाशी. तिथून तो गडावर पोहोचल्यावरच निघतो, तेही फोटोसाठी.

घ्यायचाच आहे तर हे बघ. व्हिक्टोरिनॉक्सचा सगळ्यात छोटा, ५८ मिलिमीटरचा चाकू साधारण २१ ग्रॅमचा. त्यांचाच ९१ मिलिमीटरचा स्पार्टन ६० ग्रॅमच्या आसपास. फ्रान्सच्या ओपिनेलचा आठ नंबर पन्नासाच्या आतबाहेर, लाकडी मुठीचा, पातं साडेआठ सेंटिमीटर. त्याची कडी फिरवून पातं पक्कं करायला विसरू नकोस, नाहीतर ते बोटावर मिटतं. न मिटणाराच हवा असेल तर स्वीडनचा साधा मोरा प्लॅस्टिकच्या म्यानासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतो. यातला कुठलाही घेतलास तरी साडेचारशेतले तीनशेहून जास्त ग्रॅम वाचले. तेवढं पाणी जास्त घे. त्या नळीत ऊन डोक्यावर आलं की तू माझी नाही, त्या पाण्याची आठवण काढशील.

प्रश्न : निवृत्तीनंतर गुहागरजवळच्या गावी परत आलो. आंबा-काजूची बाग आहे, मधल्या वर्षांत रान माजलंय. गावच्या लोहाराचा कोयता आठशे ग्रॅम भरतो. मनगट दुखतं म्हणून साडेतीनशे ग्रॅमची स्टेनलेसची मॅशेटी ऑनलाइन मागवली. गंमत म्हणजे तिनं जास्तच दमायला होतं. हलकं हत्यार जास्त का दमवतं?
*— एक वाचक, गुहागर*

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण दुखणं तुम्ही स्वतः अंगावर काढून मग विचारताय.

घाव घालणाऱ्या हत्याराचा हिशोब चाकूच्या बरोबर उलटा. फांदी तोडायची ताकद आदळणाऱ्या वजनातून आणि वेगातून येते. वेग तोच ठेवून वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट, वजन तेच ठेवून वेग दुप्पट केला तर जोर चौपट. हे ऐकून वाटेल, मग हलकंच घ्यावं आणि जोरात फिरवावं. कागदावर बरोबर आहे. पण माणसाच्या हाताच्या वेगाला मर्यादा असते, आणि ती गाठायला दंडापासून खांद्यापर्यंत सगळं पणाला लावावं लागतं. आठशे ग्रॅमचा कोयता वर नेऊन सोडला की उरलेलं काम तोच करतो, तुम्ही फक्त दिशा देता. साडेतीनशेच्या पात्याला प्रत्येक घाव तुम्हालाच द्यावा लागतो. तासाभरात कोण दमेल ते उघड आहे.

यात धोकाही आहे. वाळलेल्या काजूच्या फांदीवर हलकं पातं रुतत नाही, उसळतं. उसळलेलं पातं कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि खाली बहुतेक वेळा नडगी असते. रुतून बसणारा जड कोयता या बाबतीत खूपच सज्जन.

मॅशेटी मात्र फेकू नका. लांब, पातळ, हलकं पातं कोवळ्या, रसरशीत वाढीसाठीच असतं. गवत, टाकळा, रानमोडी, घाणेरीचे या पावसाळ्यातले फुटवे, हे सगळं वेगानं कापलं जातं, तिथे वजनाचं काम नाही. रानमोडीवर कोयता चालवून बघा, झुडूप नुसतं वाकतं आणि तुम्ही वैतागता. अंगठ्याहून जाड आणि लाकूड झालेलं काही समोर आलं की कोयता.

आता मनगटाचं बघू. आठशे ग्रॅम म्हणजे कोयत्याला काही जगावेगळं वजन नाही, तेव्हा आधी मूठ बघा. मूठ हातात धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या बुंध्याला जेमतेम टेकायला हवीत. तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. बारीक मूठ फिरू नये म्हणून माणूस नकळत आवळून धरतो, आणि दिवसभर आवळलेल्या मुठीनं कोपरापासून मनगटापर्यंत शिरा धरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून दोन वेढे द्या. घामातही सरकत नाही, खर्च शून्य.

मग तोल बघा. कोयता आडवा करून पात्याच्या पाठीखाली एक बोट द्या आणि तो कुठे तरंगतो ते शोधा. मुठीच्या पुढे चार-पाच बोटांवर तोल आला तर ठीक. त्याहून फार पुढे, पार वाकाकडे गेला असेल, तर घाव जबरदस्त बसतो पण प्रत्येक वेळी कोयता उचलताना मनगटावर ताण येतो. आणि मुठीपाशी असेल तर हातात हलका, छान लागतो, दुकानात तर फारच छान लागतो, पण फांदीवर निकामी. ऑनलाइन मिळणाऱ्या पुष्कळ पात्यांचा तोल असा मागे असतो, कारण ग्राहक हातात धरून हवेत फिरवून बघतो.

एवढं करूनही जड वाटला तर लोहाराकडे जा आणि लांबी दोन बोटं कमी करून मागा. फिरणाऱ्या वस्तूत हातापासून लांबचं वजन सगळ्यात जास्त भारी पडतं. त्यामुळे काट्यावर शंभरेक ग्रॅम कमी झालेले दिसतील, हाताला मात्र कोयता बराच हलका लागेल. नुसती जाडी घासून पातळ करून मागू नका. ट्रकच्या कमानपाट्यातून केलेला कोयता असेल तर पोलाद चांगलं असतं, पण लोहारानं धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून झटकन थंड करून आणलेला कठीणपणा, ग्राइंडरच्या उष्णतेनं उतरतं. घासताना पात्यावर निळी झाक आली की समजायचं, तिथली धार आता टिकणार नाही. माझ्या नोकरीत आम्ही ज्या रंगांना घाबरायचो त्यातला हा एक.

आणि आकडी वापरता ना? बागेत हिंडताना कोयता हातात लटकवून फिरणाऱ्यांचं मनगट तोडण्यानं कमी आणि वाहण्यानं जास्त दुखतं. आपल्याकडे कमरेला मागे आकडी बांधून त्यात कोयता अडकवायची रीत काही उगाच पडलेली नाही. कमरेवर आठशे ग्रॅम कळतसुद्धा नाहीत. फक्त पुण्या-मुंबईला येताना कोयता पोत्यात गुंडाळून, बांधून आणा. शहरांत पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात आणि तो आंब्याच्या फांद्यांसाठी आहे हे स्टँडवर समजावत बसायची पाळी येऊ नये.

प्रश्न : आम्ही दहा जण दर महिन्याला एक किल्ला करतो. ग्रुपमध्ये मल्टिटूल घेण्याची लाट आली आहे. २४० ग्रॅमचा लेदरमन वेव्ह योग्य की त्याहून जड?
*— एक वाचक, कोल्हापूर*

दहा जणांचे दहा वेव्ह म्हणजे दोन किलो चारशे ग्रॅम. तेवढ्या वजनात तुमच्या सगळ्यांचा रात्रीचा तांदूळ-डाळ येईल.

मल्टिटूलमध्ये खरी कामाची गोष्ट एकच, पक्कड. चाकू, पेचकस, डबा उघडायचं पातं, हे सगळं ६० ग्रॅमच्या स्विस चाकूतही मिळतं. गरम भांडं उचलणं, स्टोव्हचा जाम झालेला नॉब, सॅकच्या चेनचा वाकलेला सरक, बुटातून आत आलेला खिळा, इथे पक्कड लागते आणि तिला पर्याय नाही. पण ग्रुपला ती एक लागते. एकानं न्यावी, बाकीच्यांनी त्याच्या वाट्याचा कांदा-बटाटा वाटून घ्यावा. मोटरसायकलवरून लांब जाणार असाल तर प्रश्नच वेगळा. तिथे वजन गाडी वाहते, हवा तो घ्या.

ही वजनाची कुरकुर नवी नाही. स्वित्झर्लंडच्या इबाखचे कार्ल एल्सनर १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवत होते. तो सैनिकी चाकू दणकट होता आणि जडही. म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका, सुबक चाकू केला आणि १८९७ मध्ये त्याची नोंदणी केली. आज आपण ज्याला स्विस नाइफ म्हणतो तो या हलक्या भावाचा वंशज.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. टायटॅनियम पोलादाच्या निम्म्या वजनाचं असूनही चांगले चाकू पोलादाचेच का? आणि मुठीत भोकं पाडलेले चाकू घ्यावेत का?
*— एक वाचक, चाकण*

निम्म्याहून थोडं जास्तच धरा. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमची साडेचार, ॲल्युमिनियमची २.७. पण धार टिकते कठीणपणावर. चांगल्या चाकूचं पोलाद रॉकवेल सी मापावर ५५ ते ६० च्या घरात असतं. विमानाच्या भागांत वापरतात तो नेहमीचा टायटॅनियम मिश्रधातू ३६ च्या आसपास थांबतो, आणि त्याला भट्टीत घालून फार पुढे ढकलताही येत नाही. त्याचं पातं गंजणार नाही, चुंबकाला चिकटणार नाही आणि भाजी चिरता चिरता बोथट होईल. टायटॅनियमचा मग, चमचा, चाकूच्या मुठीच्या पट्ट्या जरूर घ्या.

भोकांच्या मुठीचं म्हणाल तर त्यात वाचतात दहा-वीस ग्रॅम, आणि भोकाची प्रत्येक कड तळव्याला टोचते. पाच मिनिटांच्या कामाला चालेल. अर्धा तास बांबू तासून बघा, मग बोला. टूथब्रशवाल्या गृहस्थांनी हे आपल्यासाठीही समजावं. शिवाय पोलादाला एकदा पाणी दिल्यावर त्यात भोक पाडायला घरचा ड्रिल पुरत नाही, बिट जळतो.

प्रश्न : उन्हाळ्यात दोन मुलांना घेऊन (वय १० आणि १३) गाडीनं कॅम्पिंगला जातो. शेकोटीची लाकडं फोडायला सहाशे ग्रॅमची छोटी कुऱ्हाड घेतली, मुलांनाही पेलेल म्हणून. बरोबर केलं ना?
*— एक वाचक, कॅल्गरी, कॅनडा*

मुलांना पेलणं ही गोष्ट मला इथे जरा घाबरवते.

छोटी कुऱ्हाड सुरक्षित असते हा समज सगळीकडे आहे, आणि तो दांड्याच्या लांबीपाशी फसतो. कुऱ्हाड गोलात फिरते. सत्तर सेंटिमीटरच्या दांड्याचा घाव चुकला तर तो गोल पुढे जमिनीत संपतो. पस्तीस सेंटिमीटरच्या दांड्याचा चुकला तर तो तुमच्याकडेच वळतो, गुडघ्यात किंवा नडगीत. त्यातून डोकं हलकं, म्हणजे फोडण्यासाठी जोर जास्त लावणार, म्हणजे नेम जास्त चुकणार.

तुमचं सामान तर डिकीत असतं. तिथे ग्रॅम कशाला मोजायचे? मोठ्यांसाठी दीडेक किलोची, लांब दांड्याची कुऱ्हाड घ्या. कॅम्पवर विकत मिळणारे पाइन-स्प्रूसचे ओंडके सरळ रेषेत फुटतात, ती नुसती पडू दिली तरी काम होतं. छोटी आहे ती बारीक ढलप्या काढायला ठेवा, आणि ती वापरताना उभं राहायचं नाही, दोन्ही गुडघे टेकून बसायचं. मग घाव चुकला तरी पातं पायापर्यंत येण्याआधी जमीन येते. तेरा वर्षांच्या मुलाला एक पद्धत शिकवा: पातं ढलपीच्या टोकावर आधीच टेकवायचं, ढलपी आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचलायच्या आणि एकत्रच खालच्या ओंडक्यावर आपटायच्या. हवेत घाव घालायचाच नाही. यात सहाशे ग्रॅम पुरून उरतात. दहा वर्षांच्याला काड्या गोळा करू द्या.

सोबत एक मिटणारी करवत घ्या. दोनशे ग्रॅमच्या आसपासची, एकोणीस-वीस सेंटिमीटरच्या पात्याची करवत मनगटाएवढी फांदी मिनिटभरात कापते. ग्रॅममागे काम मोजायचं झालं तर लाकडाच्या बाबतीत करवतीच्या जवळपास कोणी येत नाही, आणि ती उसळत नाही. सह्याद्रीतल्या वाचकांनाही हे सांगून ठेवते, वाटेवर पडलेलं झाड मोकळं करायला वनखात्याच्या माणसांबरोबर जाणार असाल तर कुऱ्हाडीआधी करवत मागा.

जाता जाता, घरून लाकडं भरून नेऊ नका. लाकडाबरोबर झाडं पोखरणारी कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाते, म्हणून तिथे जिथे जाळायची तिथेच घ्यायची असा आग्रह असतो.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो. मुक्कामी ट्रेकला शौचासाठी खड्डा करायचं हलकं खोरं मिळतं, १७ ग्रॅमचं. ते टिकतं का?
*— एक वाचक, ठाणे*

संकोच कसला, किल्ल्यावरच्या टाक्यांचं पाणी आपण सगळे पितो, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे.

ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं. हिमालयातल्या देवदाराखालच्या भुसभुशीत मातीत ते मस्त चालतं. आपल्याकडे पावसाळा संपता संपताही चालेल. मार्च उजाडला की सह्याद्रीच्या माथ्यावर वरचे दोन बोटं सोडले तर खाली मुरूम लागतो, आणि तिथे १७ ग्रॅमच्या खोऱ्याची कड आधी तळव्यात रुतते, मग जमिनीत. खणणं हे हाताच्या वजनाचं आणि ताकदीचं काम आहे. मी आठवडी बाजारातलं साधं खुरपं नेते, लोहाराकडून मूठ आखूड करून घेतलेलं, दीडशे ग्रॅमच्या आसपास. गावाकडच्या माणसानं सॅकमध्ये खुरपं पाहिलं की 'बाई, तण काढायला चाललात का गडावर?' असं विचारतात. हो म्हणायचं.

खड्डा वीतभर खोल, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर, आणि टाकं, झरा, वाट यांपासून साठ मीटर तरी लांब. कातळावर काही खणता येत नाही, तिथे माती असलेली जागा दिवस मावळायच्या आत शोधून ठेवा. टिश्यू परत आणायच्या, वेगळ्या पिशवीत.

प्रश्न : बेसिक माउंटेनिअरिंग कोर्सला उत्तरकाशीला निवड झाली आहे. वजन कमी म्हणून ॲल्युमिनियमची आइस ॲक्स घेऊन जाऊ का?
*— एक वाचक, सातारा*

अभिनंदन. काही घेऊ नका, कोर्सची साधनं संस्था देते. ती वापरून हाताला काय मानवतं ते कळू द्या.

पुढे घ्याल तेव्हासाठी: पूर्ण ॲल्युमिनियमची ॲक्स दोनशे-अडीचशे ग्रॅममध्ये मिळते, पोलादी चोचीची साडेतीनशे ते पाचशे. मऊ बर्फावर चालताना हलकीनं भागतं. कडक, निळ्या बर्फावर तिची चोच रुतत नाही आणि लवकर बोथटते. घसरल्यावर स्वतःला थांबवायचं साधन तेच आहे, तेव्हा हे दीडशे ग्रॅम सॅकमधून दुसरीकडून कमी करा. आणि विमानानं जाणार असाल तर ॲक्स, चाकू, मल्टिटूल सगळं आधीच चेक-इनच्या बॅगेत. केबिनच्या बॅगेत राहिलेला २१ ग्रॅमचा चाकूसुद्धा सुरक्षा तपासणीच्या डब्यात जातो.

प्रश्न : धार लावायचा दगड सोबत न्यायचा का?
*— एक वाचक, पनवेल*

दोन-तीन दिवसांसाठी नाही. घरून निघतानाच धार लावा, कागद न फाडता कापला गेला की पुरे. आठवडाभराचं काही असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर पट्टी वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवून न्या, वजन चार-पाच ग्रॅम. कोयता नेणाऱ्यांनी छोटी चपटी कानस न्यावी, मूठ काढून. पावसातून परत आल्यावर पातं पुसून, मिटायच्या सांध्यातलं पाणी झटकून, खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा आणि म्यानाबाहेर ठेवा. चामड्याचं म्यान भिजलं असेल तर ते दोन दिवस सावलीत वाळू द्या. काट्यावर ठेवून बघा एकदा, भिजलेलं म्यान किती भरतं ते.